मसाल्याची राखण

जागतिक हलाल बाजारपेठेत महिला उद्योजकांना किती संधी आहेत, हे सांगायला उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये पाच पुरुष आले होते. साल २००७. स्टेजवर पाच खुर्च्या, पाच शाली, पाच नारळ. समोर भरपूर बायका. स्टेजवर स्त्रियांचा सहभागच नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. समई पेटवायला काडेपेटी एका मुलीनेच आणून दिली.

मी वहिनीला सोडायला गेलो होतो आणि वडे आहेत असं कळल्यावर थांबलो. पहिल्या वक्त्याने बाजारपेठेचा आकडा सांगितला. आकडा एवढा मोठा होता की शून्यं मोजताना त्याचा चष्मा घसरला. दुसऱ्याने संधी सांगितल्या, तिसऱ्याने आव्हानं. चौथ्याने दोन्ही इंग्रजीत सांगितलं. पाचव्याचं टाइल्सचं दुकान होतं आणि हॉलचा खर्च त्याने केला होता, म्हणून तो टाइल्सवर बोलला. सगळ्यात जास्त उपयोगाचं तोच बोलला.

शेवटी वहिनी उभी राहिली. “मी बदलापूरहून आलेय. मसाले करते. हे हलालचं सर्टिफिकेट काढायचं कसं?”

असा सरळ प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. संधीवाल्याने घसा साफ केला. “मिस्टर आलेत का सोबत?”

“दीर आलाय.”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. माझ्या तोंडात वडा होता.

“व्हेरी गुड,” संधीवाला मला म्हणाला. “तुम्ही नंतर भेटा आम्हाला.”

माया रणपिसे ही माझी वहिनी. आधी आम्ही बदलापुरातच, नदीकाठच्या मांजर्लीत तळमजल्यावर राहायचो. २००५च्या पुरात उल्हास नदी घरात आली आणि वहिनीने विकायला केलेला सगळा मसाला घेऊन गेली. जाताना पाणी लालभडक होतं. आमच्यानंतरच्या गावातले मासे बरेच दिवस तयार मसाल्यासकट मिळत असावेत. पाणी ओसरल्यावर माणसं रडतात. वहिनीने अंबरनाथच्या कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडली, शिरगावला उंचावर एक गाळा भाड्याने घेतला आणि मिरची कांडायची मशीन बसवली. माझ्या दादाचा तिला पूर्ण पाठिंबा होता, म्हणजे तो काही बोलला नाही.

आता अडचण अशी, की बदलापुरात ज्या घरात जावं त्या घरात कुणाची तरी आई मसाला करते. इथे मसाला विकणं म्हणजे समुद्रकिनारी वाळू विकणं. म्हणून वहिनी उल्हासनगरच्या मुकेशशेठकडे गेली. मुकेशशेठ दुबईला माल पाठवायचा. पापड, लोणची, चपला, एकदा तर अख्खी सलूनची खुर्ची. त्याने वहिनीचा मटण मसाला बोटाने चाटला, डोळे पुसले आणि म्हणाला, “भाभी, एक नंबर. पार्टी हर महिने लेगी. बस, हलाल का ठप्पा मंगता.”

“अहो, मटण मसाल्यात मटण नसतं,” वहिनी म्हणाली.

“मेरे को मालूम है. पार्टी को भी मालूम है. धना-मिरचीला कोण कापतो? पण ठप्पा नाय तर माल उतरवत नाय. साईं, अपन को क्या, लगा दो ना!”

तर सगळं त्या ठप्प्यावर येऊन थांबलं होतं. ठप्पा मिळाला तर मशीन चालणार. नाही मिळाला तर वहिनी पुन्हा अंबरनाथला, दुसऱ्यांचे खोके चिकटवायला. तिच्या जुन्या सुपरवायझरने तिची खुर्ची रिकामी ठेवली होती आणि तसं तो भेटेल त्याला सांगायचा.

सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला वहिनीने फोन लावला. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेबांना द्या.” वहिनी म्हणाली, साहेब नाहीत. तो म्हणाला, आले की करायला सांगा. दुसऱ्या फोनलाही तेच. तिसऱ्या वेळी तिने फोन माझ्या हातात कोंबला. मी बारावीला गॅप घेतलेला माणूस. हा गॅप आता बराच रुंद झाला होता. मी घशातून आवाज काढला, “हां, बोला.” पलीकडून तपासणीची तारीख मिळाली, वेळ मिळाली, वर “थँक्यू सर” मिळालं.

“मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हटलं,” मी वहिनीला सांगितलं.

“मग आता शेवटपर्यंत हो,” वहिनी म्हणाली.

असा मी मॅनेजिंग डायरेक्टर झालो. मुकेशशेठने कार्ड छापून दिलं. दादाच्या लग्नातला कोट पेटीतून निघाला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा एवढा वास होता की मी बसमध्ये चढलो की शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची. मला त्यातही पदाचा मान वाटला.

गाळ्याचे मालक बुधाजीमामा. त्यांची जमीन बिल्डरकडे गेली होती. मागे उरला होता तो रस्त्याकडेचा गाळा, त्यामागचं एक चिंचेचं झाड आणि त्या झाडाखालचा राखणदार. राखणदार म्हणजे जागेचा रक्षक. तो दिसत नाही, भाडं देत नाही, पण नवीन काही काम निघालं की त्याला कोंबडं आणि बाटली द्यावी लागते. त्यालाच राखण देणं म्हणतात. बिल्डरने सात मजले बांधले तेव्हा त्यानेसुद्धा गुपचूप दिली होती, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मामा आणि त्यांची बायको इंदुबाई गाळ्यावर आले.

“काय गो सूनबाय, उद्या तुजी परीक्षा हाय ना?”

“हो मामा.”

“मंग मशीनची राखण देऊन टाक. मांजर्लीला दिली नव्हतीस. काय झालं? नदी घरात आली.”

“नदी सगळ्या मांजर्लीच्या घरात आली मामा.”

“कोनीच दिली नसंल,” मामा म्हणाले. या माणसाशी वादात कुणी जिंकलेलं नव्हतं.

वहिनीने समजुतीने सांगितलं, “मामा, आम्ही बौद्ध. देवाधर्माला दारू देणं आमच्यात नाही. रोज सकाळी आम्ही पंचशील म्हणतो. मादक पदार्थांपासून लांब राहीन, असं त्यात स्पष्ट आहे. आणि उद्या येणाऱ्यांनाही दारू चालत नाही. तेच तर बघायला येतायत.”

मामांनी मान हलवली. इंदुबाईंनीही हलवली. ती मान होकाराची नव्हती, हे आम्हाला कळायला हवं होतं. इंदुबाईंचा वहिनीवर भारी जीव. जाताना तिचा हात धरून म्हणाल्या, “तू नको काय करूस बाय. आमी हावं ना.”

सकाळी गाळा उघडायला मी लवकर गेलो. साहेबाने वेळेवर जावं, असं मला उगाच वाटलं. चावी मामांकडेही असायची. आत पाऊल टाकलं आणि मी थांबलो. मशीनच्या पायाशी कुंकू. कुंकवात एक अंडं, कारण कोंबडं बहुतेक झोपलं होतं. लोखंडी मुसळांवरून काहीतरी ओघळून वाळलेलं. आणि बाजूला, धण्याच्या गोणीला टेकवून, देशीची क्वार्टर. तळाला दोन घोट शिल्लक.

म्हणजे हलालची तपासणी सुखरूप पार पडावी म्हणून मशीनला दारू पाजण्यात आली होती. जगात इतक्या प्रेमाने कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल.

मी बाटली उचलली आणि तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. वहिनीचा आवाज आला. “या सर, या.” मी ज्या वेगाने ती बाटली कोटाच्या आतल्या खिशात घातली, त्या वेगाने अभ्यास केला असता तर बारावी झालो असतो. अंडं दुसऱ्या खिशात गेलं. कुंकवावर मी स्वतः उभा राहिलो.

तपासणीस आत आले. तुंगेकर नाव. कल्याणचे, मूळ दापोलीकडचे कोकणी मुसलमान. पांढरा शर्ट, बारीक दाढी, हातात फाइल. मी रात्रभर “अस्सलाम वालेकुम, तशरीफ रखिए” घोकून ठेवलं होतं. ते आत आले आणि म्हणाले, “चहा नंतर घेऊ. आधी माल कुठून येतो ते सांगा.” मराठी माझ्यापेक्षा बरी होती. सगळ्यांचीच असते.

“मॅनेजिंग डायरेक्टर?”

“मीच.”

“मिरची कुठली?”

“लाल.”

त्यांनी मान वर करून पाहिलं. वहिनी पटकन म्हणाली, “बेडगी आणि लवंगी, वाशी मार्केटची. पावत्या इथे आहेत सर.”

“आणि तुम्ही?”

“मी... इथे काम करते,” वहिनी म्हणाली. ते म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं.

“मिरची भाजायला तेल कोणतं?” त्यांनी मला विचारलं.

“चांगलं,” मी म्हणालो.

“शेंगदाण्याचं,” वहिनी म्हणाली.

“तेल लावायचा ब्रश? काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात.”

“आम्ही सुती फडकं वापरतो,” वहिनी म्हणाली. प्रश्न माझ्याकडे यायचा, उत्तर वहिनीकडून निघायचं, आणि मध्ये मी रेडिओच्या डब्यासारखा उभा. तुंगेकर गोण्यांपाशी गेले. डबे उघडले, हुंगले. मग माझ्याजवळून गेले आणि थबकले. दोन पावलांवरून मागे वळले. हुंगलं.

“साहेब, जरा इकडे येता?”

येता येईना. माझ्या पायाखाली कुंकू होतं.

“मी इथेच बरा आहे,” मी म्हणालो.

ते माझ्याजवळ आले. डांबराच्या गोळ्यांना भेदून देशीचा वास येत होता, कारण क्वार्टरचं झाकण मामांनी लावलं नव्हतं आणि कोटाचं अस्तर हळूहळू ओलं होत होतं. तुंगेकरांचा चेहरा बदलला नाही. आवाज फक्त खाली आला. “सकाळीच घेतलीय तुम्ही?”

आणि तिथे माझं डोकं आयुष्यात पहिल्यांदा चाललं. साहेब दारुडा निघाला तर साहेब बदलता येतो. मशीन दारुडी निघाली तर संपलं.

“हो,” मी छाती काढून म्हणालो. छाती काढल्यावर खिशातलं अंडं फुटलं. “रोज घेतो. सवय आहे. मसाल्याला मात्र हात लावत नाही.”

“खानदानी आहे का?” त्यांनी विचारलं.

“आजोबांपासून.” माझे आजोबा चहासुद्धा पीत नव्हते. तिकडे असतील तिथून मला बघत असतील तर बघोत.

कोटातून पिवळा बलक टपकून बुटावर पडला. तुंगेकर त्या बुटाकडे बघत राहिले. अशी दारू त्यांनी पाहिली नव्हती.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “मी लिहितो, मॅनेजमेंटमध्ये बदल आवश्यक. उत्पादनाबद्दल तक्रार नाही.”

सुटलो! मी मनातल्या मनात वडा खाल्ला. वहिनीने आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात आमच्या घरात दादाने सुवर्णपदक मिळवलंय, तिला नुसतं पाहून शिकता आलं असतं.

वहिनी पुढे आली. तिने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. खाली कुंकू. तिने मशीनच्या मुसळावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

“सर, लिहू नका,” ती म्हणाली. “हा पीत नाही. याला कोकम सरबतसुद्धा चढतं. दारू मशीनवर पडलीय. ज्यात मी मसाला कांडते, त्या मशीनवर.”

“वहिनी, अगं!” मी ओरडलो.

“गप ए डायरेक्टर. उद्या त्या डब्यावर ठप्पा बसणार, आणि कुणीतरी त्या ठप्प्यावर विश्वास ठेवून पोरांना जेवू घालणार. मला खोटा ठप्पा नको. खोटाच हवा असता तर उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये पाहिजे तसा करून मिळतो.”

हे खरं आहे. उत्तम मिळतो.

तुंगेकरांनी फाइल मिटली. खाली वाकून कुंकू पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “खिशात अंडं होतं का?”

“होतं.”

“अंड्याला हरकत नाही,” ते म्हणाले. मग वहिनीकडे वळून, “राखण दिलीय ना? आमच्या गावी खाडीवर देतात शेजारचे. कुणी दिली?”

उत्तर द्यावं लागलं नाही. मामा आणि इंदुबाई मघापासून दारात उभेच होते, निकाल ऐकायला. हातात पेढेसुद्धा होते.

“मीनी दिली,” मामा अभिमानाने म्हणाले. “पास झाली ना पोरगी?”

“नाही,” तुंगेकर म्हणाले. “पण नापासही नाही. हे सगळं गरम पाण्याने धुवा, वास जाईपर्यंत. मग थोडी मिरची कांडून ती टाकून द्या. मी पुन्हा येऊन बघतो. यापुढे या गाळ्यात दारूचा थेंब नको.”

वहिनीचा श्वास परत आला. पण मामांचा गेला.

“धुवायची? राखणीवर पानी नाय मारत! आमचे बापजाद्यापासना नाय मारलं. रखवाला खवळला तर? मशीननं कुनाचा हात खाल्ला तर?” मामांचा आवाज चढला. “धुवायची असंल तर मशीन उचल, आनि दुसरा गाला बघ.”

इंदुबाई म्हणाल्या, “अवो, असं काय बोलता?” मामा म्हणाले, “तू गप.” त्या गप झाल्या नाहीत, पण त्यांचं पुढचं बोलणं मामांच्या घराण्याबद्दल होतं, ते इथे नको.

म्हणजे आता असं झालं होतं, की मशीन धुतली तर गाळा जातो, आणि नाही धुतली तर ठप्पा जातो. पाच वक्त्यांपैकी आव्हानंवाल्याने याचा उल्लेख केल्याचं मला आठवत नाही.

वहिनी मामांसमोर जाऊन उभी राहिली. भांडायला लागेल असं मला वाटलं. तिने डोक्यावर पदर सारखा केला आणि विचारलं, “मामा, तुमचा राखणदार राहतो कुठं?”

“कुठं म्हंजे? मागं, चिंचंखाली.”

“मग त्याला इथं का जेवायला बोलावलंत?”

मामा मशीनकडे बघायला लागले.

“इथं दिवसभर मिरचीचा खकाणा उडतो. आम्ही तोंडाला फडकं बांधून बसतो, तरी शिंका थांबत नाहीत. तुम्ही त्याला मशीनच्या पायाशी बसवलंत. तो काय राखण करणार? शिंकून शिंकून पळून जाईल. पाव्हण्याला कुणी चुलीत पान वाढतं का मामा?”

मामांनी इंदुबाईंकडे पाहिलं. इंदुबाई म्हणाल्या, “बरोबर बोलते पोर. तुमाला तरी चाललं असतं का?”

मामा विचारात पडले. मिरचीच्या खकाण्याचा मुद्दा त्यांच्या बापजाद्यांच्या काळात आलाच नव्हता. इतक्यात, अगदी योग्य वेळी, ते स्वतः जोरात शिंकले. त्यांनी नाक पुसलं आणि तुंगेकरांना विचारलं, “मंग चिंचंखाली चालंल?”

तुंगेकरांनी मागचं दार उघडून पाहिलं. चिंच गाळ्याच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर होती. त्यांनी फाइल पुन्हा उघडली. माणूस पक्का कागदी होता. ते लिहीत गेले आणि वाचत गेले, “उत्पादन विभागाबाहेर, भिंतीपलीकडे, चिंचेचं झाड. तिथे मद्य ठेवलं जातं. वापरणारी व्यक्ती...” ते थांबले. “नाव काय लिहू?”

“रखवाला,” मामा म्हणाले.

“कर्मचारी आहे का?”

“कायम सेवेत हाय,” मामा म्हणाले.

त्यांनी ते लिहिलं. “उत्पादन विभागात येतो का?”

“नाही येणार,” वहिनी म्हणाली. “मी जबाबदारी घेते.”

“तुम्ही कोण?” तुंगेकरांनी पेन थांबवलं. “मघाशी म्हणालात, इथे काम करता.”

“माया रणपिसे. धंदा माझा आहे. मशीन मी बसवली, मसाला माझा आहे, खोटं बोलून साहेब मी उभा केला. फोनवर तुमच्या ऑफिसात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, म्हणून.”

तुंगेकर थोडे ओशाळले. मालकाच्या रकान्यात त्यांनी तिचं नाव अक्षर लावून लिहिलं. मग माझ्याकडे बोट केलं. “आणि यांचं पद?”

“दीर,” वहिनी म्हणाली.

त्यांनी पदाच्या रकान्यात “दीर” लिहिलं. तो कागद आजही त्या संस्थेत कुठेतरी असेल.

दोन दिवस आम्ही मशीन धुतली. मी धुतली, वहिनी हुंगायची. धुतल्यावर कांडलेली पहिली मिरची टाकायची होती, ती मामांनी टाकू दिली नाही. त्यांनी ती घालून झणझणीत मटण केलं आणि चिंचेखाली सगळ्यांना बोलावलं. वहिनी म्हणाली, त्यात दारू गेलीय, मला नको. दुसऱ्या तपासणीला आलेले तुंगेकर म्हणाले, मटण कुठून आणलंत ते माहीत नाही, मला नको. मामा म्हणाले, आज माझा सोमवार. इंदुबाईंचाही सोमवार. मग मी आणि राखणदार जेवलो. त्याने फारसं खाल्लं नाही.

तुंगेकरांनी मशीन हुंगली, मग मलाही हुंगलं आणि दोघांनाही पास केलं. ठप्पा मिळाला. जागतिक बाजारपेठ म्हणजे दुबईतल्या एका दुकानातलं एक फळकूट होतं, तेही खालून दुसरं, असं मुकेशशेठने नंतर सांगितलं. वहिनी म्हणाली, पूर आला तर खालचं आधी बुडतं, एवढंच त्यांना सांगा. पण माल गेला. दर महिन्याला जायला लागला. अंबरनाथच्या सुपरवायझरने अखेर ती खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली. मला वहिनीने मिरचीची देठं खुडायच्या कामावर घेतलं, ट्रायलवर.

पहिले खोके टेम्पोत चढायचे होते त्या सकाळी मामा बाटली घेऊन आले. आत आले नाहीत. भिंतीपलीकडून, चिंचेखालून त्यांचा आवाज आला, “सूनबाय! झाकन उघडलंय. आत वास येतो काय गो?”

वहिनीने खोक्यावरची टेप दाबली, मागच्या दारात गेली, नाक वर करून उभी राहिली. “जरा मागं सरा, मामा.”

“आता?”

“अजून थोडं.”

पाला करकरला. मामा सरत गेले, सरत गेले, आणि बिल्डरच्या कंपाउंडला त्यांची पाठ टेकली.

“आता?”

“आता नाही येत!”

“बरं झालं,” मामा ओरडले. “पन झाड तिकडं र्‍हायलं ना! आता रखवाल्याला हाक मारून इकडं आनतो. तू टेम्पो जरा थांबव.”

वहिनीने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चप्पल काढून हात जोडून उभा राहिला. माल पोचवून पुढे घाटातून जायचं होतं त्याला.